गरिबीमुळे आईपासून तुटणारी मुलं: बालगृह, बालसंगोपन आणि फॉस्टर केअर

रानजाई
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय, लांबेल, सांभाळून घ्या.

आम्ही काहीजण पुण्यात एका वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग चालवतो. दरवर्षी मे संपत आला की एखादी तरी आई येऊन विचारते, ताई, पोरांना कुठं बालगृहात घालता येईल का, तुमची ओळख असेल ना. नवरा वारलेला असतो नाहीतर सोडून गेलेला असतो, बाई चार घरची धुणीभांडी करून संध्याकाळी कुठल्यातरी हॉलवर पोळ्या लाटायला जाते, दहा बाय दहाची खोली, तिचं भाडं थकलेलं, मुलगी वयात आलेली आणि दिवसभर घरात एकटी, शेजारी कोण कसा आहे ठाऊक नाही. कुणीतरी सांगितलेलं असतं की तिकडे जेवण, कपडे, शाळा सगळं फुकट असतं. आणि यातल्या एकीलाही मूल नको झालेलं नसतं हो. हाच सगळा त्रास आहे.

यंदा जिने विचारलंय तिची तीन मुलं आहेत. मोठी दोघं बालगृहात ठेवायची आणि धाकटं आपल्याजवळ, असं तिच्या भावानं ठरवून टाकलंय. मोठी मुलगी सातवीत आहे, वर्गात सगळ्यात पुढे असते, आणि हे ठरल्यापासून तिनं वही उघडलेली नाही.

माझं मत सरळ आहे. आईकडे पैसे नाहीत एवढ्यासाठी मूल आईपासून तोडणं चूक आहे, आणि जो पैसा आपण संस्थेत मूल सांभाळायला घालतो तो आधी त्या आईच्या हातात गेला पाहिजे. मारहाण, अत्याचार, व्यसनाने पोराच्या जिवाला धोका, तिथे मूल बाहेर काढायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही. मी बोलतेय ते फक्त भाडं, रेशन आणि कामाच्या वेळा यापायी तुटणाऱ्या घरांबद्दल. ज्यांनी या क्षेत्रात काम केलंय किंवा जे स्वतः यातून गेलेत त्यांनी प्लीज लिहा. तिला काय सांगायचं ते ठरवायचंय.

कोयनाकाठ
चांगला विषय घेतलात ताई. मी काही वर्षं जिल्हा बाल संरक्षण कक्षात होतो म्हणून कायद्याची बाजू सांगतो.

मूल बालगृहात जातं ते बाल कल्याण समितीच्या आदेशाने, संस्थाचालकाने परस्पर ठेवून घ्यायचं नसतं. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती, आपण सगळे सीडब्ल्यूसीच म्हणतो. सापडलेलं किंवा आणलेलं मूल २४ तासांच्या आत समितीपुढे हजर करायचं, मग सामाजिक तपासणी अहवाल मागवायचा, म्हणजे परिवीक्षा अधिकाऱ्याने किंवा समाजसेवकाने घरी जाऊन बघायचं की कोण आहे, काय परिस्थिती आहे, मामा, मावशी, आजी कोणी सांभाळायला तयार आहे का. तो १५ दिवसांत यायला हवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ३ मध्येच तत्त्वं दिलेली आहेत, त्यात मुलाची पहिली जबाबदारी कुटुंबाची आणि संस्था हा शेवटचा उपाय असं स्वच्छ लिहिलंय. म्हणजे तुम्ही म्हणताय तेच कायदाही म्हणतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते. नुसतं 'आई गरीब आहे' असं कारण कायद्यात नाही पण ज्याला घर नाही आणि उपजीविकेचं दिसेल असं साधन नाही त्या मुलाला काळजी आणि संरक्षणाची गरज आहे असं व्याख्येत आहे, त्यात फुटपाथवरचं किंवा पुलाखालचं अख्खं कुटुंब सहज बसतं. सिग्नलवर गजरे विकणारं पोर उचललं की आई धावत येते, तिच्याकडे मुलाचा जन्मदाखला नसतो, आधार नसतं, मूल तुझंच कशावरून इथून सुरुवात होते. कागद जमवून ती परत येईपर्यंत महिने जातात. आणि एका अधिकाऱ्याकडे इतक्या केसेस असतात की गृहभेट नीट होत नाही, अहवालात एकच ओळ येते, 'आर्थिक परिस्थिती हलाखीची'. ती ओळ वाचून समितीला मूल आत ठेवणं सुरक्षित वाटतं, कारण घरी पाठवलं आणि काही बरंवाईट झालं तर उत्तर समितीनेच द्यायचं ना.

तुमच्या त्या बाईंसाठी पहिला रस्ता बालसंगोपन योजना. त्यावर सविस्तर नंतर लिहितो, आता ड्यूटीवर आहे.

सह्यकडा
थोडी वेगळी बाजू मांडतो, राग मानू नका.

महाराष्ट्रात गरिबाघरची पोरं शिकली ती घर सोडूनच शिकली. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा बोर्डिंग काढलं आणि मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला, लक्ष्मीबाईंनी त्या पोरांच्या तोंडी घास पडावा म्हणून अंगावरचे दागिने मोडले. माझे वडील तसल्याच एका बोर्डिंगात शिकले, सुट्टीत गावी यायचे. घरी राहिले असते तर दुसऱ्याची गुरं वळली असती. आज मी जो काही आहे तो त्या बोर्डिंगमुळे. तेव्हा संस्था वाईट आणि घर चांगलं असं सरसकट मला तरी म्हणवत नाही. आणि ज्या घरात दारू आहे, रोज राडा आहे, तिथे २-३ हजार रुपये देऊन काय बदलणार? ते पैसे कुठे जातात ते आपण सगळे जाणतो.

पाऊलवाट
पहिल्यांदाच लिहितोय इथे. एरवी वाचून जातो.

सह्यकडा सर, तुमच्या वडिलांच्या बोर्डिंगला माझा नमस्कारच आहे. पण बोर्डिंग आणि बालगृह वेगळं आहे हो. बोर्डिंगात आईबाप पोराला पोचवायला जातात आणि पोराला माहिती असतं की दिवाळीला आपण घरी जाणार. मी बालगृहात वाढलोय, संस्थेचं नाव सांगणार नाही, तिथे चांगली माणसंही होती.

आमचे वडील गेले तेव्हा आई नाक्यावर उभी राहून बांधकामाची कामं घ्यायची, मूळ गाव तिकडे मराठवाड्यात. साइट बदलली की आमची झोपडी बदलायची. शाळा नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तिनं आम्हाला समितीपुढे नेलं. मी आणि माझी बहीण. मुलांचं बालगृह वेगळं, मुलींचं वेगळं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी एका गावात आणि ताई दुसऱ्या तालुक्यात. ताई माझ्यापेक्षा मोठी, तोपर्यंत मला तीच न्हाऊ घालायची, तीच भरवायची. आईपेक्षा ताईची आठवण जास्त यायची मला, हे मी आईला आजपर्यंत सांगितलेलं नाही.

आई सुरुवातीला भेटायच्या दिवशी यायची, शेव नाहीतर बिस्किटचा पुडा घेऊन. मग येणं कमी झालं. मला वाटायचं आपण नकोसे झालो. मोठा झाल्यावर कळलं की एका भेटीला एसटीचं जाऊन येऊन भाडं आणि त्या दिवसाचा खाडा, वर दोन ठिकाणी दोन मुलं, ती कुणाकडे जाणार? मुकादम म्हणायचा उद्या येऊ नको. ही गोष्ट मला तेव्हा कुणी समजावून सांगितली असती ना तर मी इतका राग धरून बसलो नसतो.

जेवण मिळालं, शाळा झाली, दहावी झालो, हे सगळं खरंय. पण पोट भरलेलं असतानाही रात्री झोप यायची नाही. नवीन मुलं आली की पहिले काही दिवस रडायची आणि मग एकदम गप्प व्हायची, आणि सगळे म्हणायचे, बरं झालं, रमला. ते रमणं नसतं हो. रडून कुणी येत नाही हे पोराला कळलेलं असतं.

१८ पूर्ण झाली की बाहेर. पुढे २१ पर्यंत अनुरक्षण गृह असतं पण माझ्या वेळी जागा मिळाली नाही. आणि अनाथांना १ टक्का आरक्षण २०१८ मध्ये आलं, चांगलंच झालं, पण आम्ही अनाथ कुठे होतो, आमची आई होती ना. जातीच्या दाखल्याला वडिलांकडचे जुने कागद लागतात, ते गावी कुणाकडे असतील कुणाला माहिती. म्हणजे घरचा म्हणून काही मिळालं नाही आणि अनाथ म्हणूनही नाही.

आता आम्ही तिघं एकत्र राहतो. आई आणि ताई बोलत नाहीत फारशा. भांडण नाहीये. काय बोलायचं तेच दोघींना सुचत नाही.

रानजाई
पाऊलवाट, हे लिहिल्याबद्दल खूप खूप आभार. भावंडांची ताटातूट हा मुद्दा माझ्याही डोक्यात नव्हता. त्या बाईंची मोठी दोघं म्हणजे एक मुलगी आणि एक मुलगा आहे.

डॉ_शेवंती
बालमानसशास्त्रात काम करते. पाऊलवाट यांनी जे लिहिलंय, 'रडून गप्प होणं', ते आम्ही शिकतो तेच आहे. त्याचा अभ्यास कुठे झाला ते सांगते कारण तो गरिबीशीच जोडलेला आहे.

रोमानियात हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये फर्मान काढून गर्भपातावर आणि संततिनियमनावर बंदी आणली, लोकसंख्या वाढवायची म्हणून. लोकांकडे पोरं सांभाळायला पैसा नव्हता, आणि सरकारच सांगायचं की तुम्हाला जमत नसेल तर आमच्याकडे द्या, आम्ही तुमच्यापेक्षा चांगलं वाढवू. १९८९ च्या डिसेंबरात राजवट पडली तेव्हा लाखाच्या वर मुलं सरकारी संस्थांमध्ये होती, आणि यातल्या बहुतेकांचे आईबाप जिवंत होते. जगभर त्यांना अनाथ अनाथ म्हटलं गेलं, पण ती गरिबांची मुलं होती.

मग २००० च्या सुमारास नेल्सन, फॉक्स आणि झीना या तीन अमेरिकन संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ तान्ही आणि रांगती मुलं घेतली, वय साधारण ६ महिने ते अडीच वर्षं. चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रशिक्षण दिलेल्या पालक कुटुंबांत पाठवली, बाकीची होती तिथेच राहिली. (हे नैतिकदृष्ट्या बरोबर होतं का यावर खूप चर्चा झालीय, तेव्हा बुखारेस्टमध्ये पालक कुटुंबं जवळपास नव्हतीच, आणि नंतर कुठलंही मूल संस्थेबाहेर जायला मोकळं होतं.) कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, भाषा, माणसाला लळा लावून घेण्याची ताकद, सगळंच संस्थेतल्या मुलांपेक्षा सुधारलं, आणि जी दोन वर्षांची व्हायच्या आत गेली त्यांचं बऱ्याच बाबतीत जास्त. पण जी मुलं पहिल्यापासून स्वतःच्याच घरी वाढली त्यांची बरोबरी पालक कुटुंबातली मुलंही सरासरीने करू शकली नाहीत. यानंतर रोमानियाने २००४ च्या कायद्याने दोन वर्षांखालचं मूल संस्थेत ठेवायलाच बंदी केली, गंभीर अपंगत्वाचा अपवाद ठेवून.

मूल वाढतं ते एका ठरावीक माणसाच्या भरवशावर. संस्थेतल्या मावशी कितीही प्रेमळ असल्या तरी शिफ्ट संपली की त्या घरी जातात, आणि एकेकीवर दहा-पंधरा मुलं. भूक भागते, पण 'हे माझं माणूस' हे काही ठरत नाही.

आणि सह्यकडा, तुमचा दारूचा मुद्दा मी उडवून लावत नाही. घरातली रोजची हिंसा मुलावर खोल परिणाम करतेच. पण गरीब घर आणि हिंसक घर हे दोन वेगळे प्रश्न आहेत, तपासणी करणाऱ्याला त्यातला फरक ओळखता आला पाहिजे. फ्लॅटमध्येही मुलांना पट्ट्याने मारतात, तिथे कुणी अधिकारी जात नाही.

सह्यकडा
पाऊलवाट यांचं वाचून दोन तास काही सुचलं नाही. बोर्डिंगची तुलना इथे लागू नाही हे मान्य. तरी पैसे थेट देण्याबद्दल माझी शंका आहे तशी आहे, कोयनाकाठ यांनी लिहावं.

कोयत्याची_लेक
बीडची आहे. आमच्याकडचं सांगते, हे बालगृहातलं नाही पण ताटातूट तीच आहे.

दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, नवरा बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्चलेली असते त्यामुळं जावं तर लागतंच. पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. पोरं बरोबर नेली तर शाळा बुडते आणि पाचटात, बैलगाडीच्या चाकाखाली जीव जायची भीती, मागं ठेवली तर म्हातारी आजी आणि चार नातवंडं. उन्हाळ्यापर्यंत आईबापाचं तोंड दिसत नाही. हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे शाळेतच दोन वेळचं जेवण आणि सोय, पण आमच्याकडं जेवण गावात आणि झोपायला आजीकडंच असं चालतं, आणि तेही सुरू व्हायला कधी कधी टोळ्या निघून बराच काळ झालेला असतो. गावात तिसरीची पोर स्वयंपाक करून धाकट्याला शाळेत घेऊन येताना मी बघितलीय, तीही एक नाही. आणि मुलगी तेरा चौदाची झाली की आईला एकच काळजी, मागं हिला काही झालं तर? मग उरकून टाकतात लग्न. कोयताही एक वाढतो.

माझी आई मला आजीकडं ठेवून जायची. फोन नव्हते तेव्हा. मी तरी सुटले, कारण आजी होती. आजी नसती तर मी पण कुठल्यातरी बालगृहात असते. ही पण गरिबीनंच केलेली फाटाफूट आहे आणि हिची कुठल्याच समितीपुढं केस होत नाही.

कोयनाकाठ
आता लिहितो. उशीर झाला, क्षमस्व.

क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, राज्याची. अनाथ, एक पालक असलेली, आईवडील दुर्धर आजारी किंवा तुरुंगात असलेली, घटस्फोट किंवा सोडून गेल्याने कुटुंब मोडलेली, अशा ० ते १८ वयाच्या मुलांना घरीच ठेवून मदत. २०२३ पासून महिना २२५० रुपये प्रत्येक मुलामागे, त्याआधी ११०० होते आणि त्याच्याही आधी कित्येक वर्षं ४२५. बाईंची तीन मुलं, एका घरातल्या किती मुलांना मंजूर होतं ते कार्यालयात विचारून घ्या, तिघांचेही अर्ज देऊन बघावेत. दुसरं म्हणजे केंद्राच्या मिशन वात्सल्यमधली प्रायोजकत्व योजना, स्पॉन्सरशिपच म्हणतात सगळे, त्यात महिना ४०००, उत्पन्नाची अट ग्रामीण भागात वर्षाला ७२ हजार आणि शहरात ९६ हजार. दोन्ही एकाच मुलाला मिळत नाहीत. बाईंना स्वतःसाठी संजय गांधी निराधारचा अर्ज वेगळा करता येईल.

सह्यकडा, पैसे वाया जातात का? जातात काही घरी. पण माझ्या हातून गेलेल्या फाइलींपैकी बहुतेक अर्जदार बायका होत्या, विधवा किंवा टाकलेल्या, आणि मी घरभेटीला गेलो की त्या पैशाचं काय केलं ते न विचारताच दाखवायच्या, दप्तर, बूट, रेशनच्या वरचं तेल. उलट मूल संस्थेत ठेवलं तर जेवण, कर्मचारी, जागा, वीज सगळ्याचा खर्च आहे आणि तो कुणी आईच्या चारित्र्याशी जोडत नाही.

अडचण पैशाच्या वापरात कमी आणि पैसे पोचण्यात जास्त आहे. अनुदान महिन्याच्या महिन्याला येत नाही. सहा-आठ महिने काही नाही आणि मग एकदम रक्कम जमा. घरमालक आठ महिने थांबत नसतो. घर मोडतं ते त्या मधल्या महिन्यांत, आणि मग तीच बाई दोन पोरं घेऊन समितीच्या बाकावर बसलेली असते. हे मी अनेकदा बघितलं आणि वर लिहून कळवलं, पुढे काय झालं ते विचारू नका.

हडसनकाठी
न्यू जर्सीत राहते. इथल्या कुटुंब न्यायालयात फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे सरकारने तात्पुरत्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलेल्या मुलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करते, म्हणून इथलं थोडं. आपल्याकडे बऱ्याचदा म्हणतात की अमेरिकेसारखं फॉस्टर केअर आणा म्हणजे बालगृहं बंद होतील. जरा थांबा.

इथे निम्म्याहून जास्त मुलं घराबाहेर काढली जातात ती 'दुर्लक्ष' या कारणाखाली. दुर्लक्षात काय काय येतं? फ्रीज रिकामा, हीटर बंद, आई रात्रपाळीला आणि आठ वर्षांचं पोर पाच वर्षांच्याला सांभाळतंय. यातलं कितीतरी सरळ गरिबी आहे. काळी आणि मूलनिवासी मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने जास्त उचलली जातात. मूलनिवासींची तर इतकी मुलं परक्या घरांत दिली गेली होती की १९७८ मध्ये त्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, आणि तो रद्द करा म्हणून केस गेली ती थेट सुप्रीम कोर्टापर्यंत, २०२३ मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला.

आणि १९९७ चा एक कायदा आहे, मूल २२ महिन्यांतले १५ महिने बाहेर राहिलं तर काही अपवाद सोडून सरकारने आईबापाचा हक्क कायमचा संपवण्याची कारवाई सुरू करायची. हेतू चांगला होता, मुलं वर्षानुवर्षं लटकत राहू नयेत. पण त्या १५ महिन्यांत आईने घर शोधायचं, नोकरी टिकवायची, पालकत्वाचे क्लास करायचे, कोर्टाच्या तारखा करायच्या, आणि दोन बस बदलून मुलाला भेटायला जायचं. पाऊलवाट यांच्या आईंचं वाचताना मला इथल्या आयाच दिसत होत्या, फक्त एसटीच्या जागी न्यू जर्सी ट्रान्झिटची बस.

मुलं एका घरातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या घरी जातात, शाळा बदलतात, कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत भरून. ज्या फॉस्टर आया मी बघितल्या त्यातल्या काही खरंच देवमाणसं आहेत. तरी मूल विचारतं ते एकच, घरी कधी जायचं. २०१८ मध्ये नवा कायदा आला, त्यात फॉस्टर केअरचा काही केंद्रीय पैसा मूल घराबाहेर काढायच्या आधीच व्यसनमुक्ती, मानसोपचार, घरी येऊन मदत यावर वापरायची मुभा दिली. पण घरभाड्याला त्यातून पैसे देता येत नाहीत! आणि बहुतेक केसेस तिथेच अडतात.

मोगरा_नाशिक
वाचतेय. एक प्रश्न आहे. मी एकटी आहे, वय ४१, नोकरी आहे, घर आहे. मला दत्तक नाही तर पालक म्हणून मूल सांभाळायला आवडेल. पण वरचं सगळं वाचून वाटायला लागलं की मी कुणाच्यातरी आईचं मूल घेतेय का?

कोयनाकाठ
मोगराताई, प्रश्न विचारलात तोच बरोबर आहे. फॉस्टर केअरला आपल्याकडे प्रतिपालकत्व म्हणतात, बाल न्याय कायद्याचं कलम ४४. २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वं होती, २०२४ मध्ये सुधारली, आता एकट्या व्यक्तीलाही घेता येतं, ३५ ते ६० वयात. बाईला मुलगा मुलगी दोन्ही, एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. साधारण सहा वर्षांवरची, संस्थेत असलेली आणि ज्यांना परत जायला कुटुंब नाही किंवा कुटुंब सांभाळू शकत नाही अशी मुलं यात येतात. दोन वर्षं मूल तुमच्याकडे नीट राहिलं तर दत्तक घेण्याचाही मार्ग आहे, आधी पाच वर्षं होती ती अट.

अशी खूप मुलं आहेत ज्यांना दत्तक घ्यायला कुणी येत नाही कारण सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही. तिथे तुमच्यासारख्यांची फार गरज आहे. फक्त समितीला दोन गोष्टी नक्की विचारा, याची आई, आजी, भावंडं कुठे आहेत आणि त्यांना मदत देऊन बघितलीय का. भावंडं असली तर भेटीगाठी कशा होणार तेही लिहून घ्या.

पाऊलवाट
मोगराताई, तुम्ही कुणाचं मूल घ्याल तर एवढं करा, त्याच्या आईबद्दल त्याच्यासमोर वाईट बोलू नका आणि दुसऱ्यांना बोलू देऊ नका. आणि रविवारी त्याला बहिणीशी फोनवर बोलू द्या. मला असं कुणी मिळालं असतं तर मी गेलो असतो.

मोगरा_नाशिक
नक्की. लिहून ठेवलंय.

डॉ_शेवंती
रानजाई, त्या सातवीतल्या मुलीशी कुणी बोललंय का? मोठ्यांनी ठरवलं आणि तिला कळलं असं झालं असेल तर ती स्वतःलाच दोष देत असणार, की आपण खर्च वाढवतो म्हणून आपल्याला पाठवतायत. या वयातली मुलं हाच हिशोब करतात. तिला स्पष्ट शब्दांत सांगायला हवं की यात तिची काही चूक नाही. शाळेत मैत्रिणीला तरी काही बोललीय का बघा. आणि समितीपुढे गेलंच प्रकरण तर मुलीचं म्हणणं ऐकून घेणं समितीवर बंधनकारक आहे हे तिलाही माहिती असू दे.

सह्यकडा
रानजाई, अनुदान यायला सहा-आठ महिने लागणार असतील तर मधल्या काळाचं भाडं आपण इथले काहीजण मिळून करू शकतो का? मी सुरुवात करतो. पैसे थेट घरमालकाला जाऊ देत, किंवा बाईंना, तुम्ही म्हणाल तसं. माझी आधीची शंका होती ती असू दे बाजूला, त्या दोन मुलांची ताटातूट होऊ नये.

कोयत्याची_लेक
मी पण. थोडेच जमतील पण दर महिन्याला देईन.

रानजाई
सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देत नाही, एकत्रच लिहिते.

काल बाईंकडे जाऊन आले, भाऊ पण होता. भावाला मी वाईट समजत होते पण त्याच्या स्वतःच्या घरात सहा माणसं आहेत, तो हमाली करतो, आणि पोरांना दोन वेळ पोटभर मिळावं एवढंच त्याला हवंय. मुलांचं आणि मुलींचं बालगृह वेगळं असतं हे त्यालाही माहिती नव्हतं. ते ऐकल्यावर बाई म्हणाल्या, मग नको, मग मी रात्रीचं काम सोडते आणि कसंतरी करते. पण कसंतरी म्हणजे काय, ते त्यांनाही माहिती नाही आणि मलाही. सध्या बेत असा की मुलं जून महिन्यात घरीच, शाळा तीच, संध्याकाळी सहा ते नऊ आमच्या वर्गाच्या खोलीत तिघं बसतील आणि आमच्यातलं कोणीतरी थांबेल. भाड्याचं सह्यकडा आणि कोयत्याची लेक यांनी म्हटलंय त्याबद्दल बाईंना विचारलं, त्या उधार म्हणून घेईन म्हणाल्या. ठीक आहे, तसं तर तसं.

मुलीशी बोलले. डॉक्टर म्हणाल्या तसंच होतं. तिनं विचारलं, मी जेवण कमी केलं तर चालेल का. पुढचं लिहीत नाही.

बालसंगोपनच्या अर्जाला कागद बघितले. मुलांची आधार कार्डं, शाळेचे बोनाफाईड, रेशन कार्ड, बाईंचं बँक पासबुक आहे. उत्पन्नाचा दाखला काढायला दिलाय. अडकलंय ते मृत्यू दाखल्यावर. नवरा गावी गेला असताना वारला, विदर्भात, तिथे नोंद झालीय की नाही दिराला विचारलं तर तो फोन उचलत नाही. कोयनाकाठ, दाखल्याशिवाय अर्ज घेतात का?

कोयनाकाठ
अर्ज आधी देऊन टाका आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. मृत्यूची नोंद ज्या गावात मृत्यू झाला तिथल्या ग्रामपंचायतीत असते, दिराची गरज नाही, बाई पत्नी म्हणून स्वतः ग्रामसेवकाकडे मागू शकतात. नोंदच झालेली नसेल तर उशिराची नोंद करता येते, वर्षाच्या वर झालं असेल तर वरच्या अधिकाऱ्याचा आदेश लागतो, वेळ जातो पण होतं. दवाखान्यात नेलं असेल तर तिथला कागद शोधा. गावाचा तालुका मला व्यनि (खासगी निरोप) करा, तिकडे ओळखीचे एक जण आहेत.

रानजाई
केला व्यनि. सोमवारी बाईंबरोबर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात जातेय, पोच घेऊनच परत येईन. पुण्यात बालसंगोपनच्या फाइली करून देणाऱ्या एखाद्या संस्थेत कोणी असेल तर कळवा, वस्तीत अजून दोन घरं आहेत अशीच.